शेवट सांगायचा नाही

चर्चगेट, संध्याकाळचे सहा वाजून गेलेत, साल १९९४. तुम्ही महिला विशेष लोकलच्या डब्यात आहात. वाचणारे पुरुष असाल तर आधीच सांगितलेलं बरं: या गाडीत तुम्ही बाई आहात. वय तिशीच्या आसपास, नोकरी फोर्टातल्या एका ऑफिसात, घर नालासोपारा पश्चिमेला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. कुरकुर करू नका. यानंतर तुम्हाला पंधरा वर्षांचा पोरगा व्हायचंय आणि त्यानंतर नऊ वर्षांचा. जसजसं मागे जाल तसतसं वय उतरत जाईल. काम मात्र सगळीकडे तेच. कादंबरी एकाकडून घ्यायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची. अट एकच: शेवट सांगायचा नाही.

नुसत्या बायकांची अख्खी गाडी सुरू होऊन दोन वर्षं झाली. मे १९९२ मध्ये पहिली गाडी सुटली तेव्हा कौतुक झालं. आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. खिडकीशी बँकेतल्या वहिनी, समोर मंत्रालयातल्या मावशी, चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या तुम्ही. मरीन लाइन्स यायच्या आत मावशींच्या मांडीवर पेपर पसरलेला असतो आणि त्यावर वालाच्या शेंगा. सोलायला तिघी, बोलायला सहाजणी. टँकर येऊन गेला का, हे घरी पोचल्यावर कळेल. नालासोपाऱ्यात इमारती वाढल्या, नळही वाढले, पाणी तेवढं वाढायचं राहिलं.

अंधेरीला गिरीजच्या टीचर चढतात. खांद्याला पर्स, हातात छत्री आणि कापडी पिशवीत खाकी कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक. गर्दीतून वाट काढत त्या तुमच्यापर्यंत येतात आणि पिशवी तुमच्या मांडीवर ठेवतात. "घे गं बाई. संपलं एकदाचं. काल रात्री दीड वाजला, आमचे हे ओरडले, लाइट घालव म्हणून."

शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय'. पहिली आवृत्ती १९६७ची. ही नंतरची कुठली तरी. कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओळीने अक्षरं मांडलीत: व., व., ना., वि., ना., व. माणसांची नावं नाहीत, नुसती स्टेशनं. पुढचं 'ना.' तुम्ही लिहायचं. पुस्तक मुळात कुणाचं, हे आता डब्यात कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणतं बँकेतल्या वहिनींच्या नणंदेचं, कुणी म्हणतं बदली होऊन सुरतेला गेलेल्या बाईंचं. मालक हरवलाय आणि पुस्तक फिरतंय, हेच त्याच्या पथ्यावर पडलंय. मालक जागेवर असता तर केव्हाच परत मागून कपाटात ठेवलं असतं.

पाठीला चिकटपट्टी आहे. पुस्तक हातात घेऊन सैल सोडलंत की ते आपसूक एका ठिकाणी उघडतं. वृषालीचं निवेदन. सावंतांनी ही गोष्ट सहाजणांच्या तोंडून सांगितली आहे: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. दुकानातून आलं तेव्हा हे पुस्तक कुठेही उघडत असणार. सहाजणींच्या घरून फिरून आल्यावर ते कर्णाच्या बायकोपाशी उघडायला लागलं. त्या पानाच्या कडेला हळदीचं एक बोट उमटलंय, खालच्या कोपऱ्यात तेलाचा डाग आहे. फोडणी आणि वृषाली एका वेळी सांभाळणारी ती कोण, 'ना.' की 'वि.', हे शोधायच्या फंदात कुणी पडत नाही.

"टीचर, शेवट सांगू नका हं," वहिनी खिडकीतून तोंड आत वळवून म्हणतात, आणि सगळा ग्रुप हसतो. कर्णाच्या रथाचं चाक रुततं हे शेंबडं पोरही सांगेल.

वहिनी हसत नाहीत. "तो मरतो ते माहितीये मला. तिचं काय होतं ते माहीत नाही. आपल्याकडे महाभारत सांगताना कधी कुणी तिचं नाव घेतलं होतं?"

हसू ओसरतं. टीचर सगळं जाणतात. त्यांनी रात्री दीडपर्यंत जागून ते वाचलंय आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतंही आहे. पण त्या मावशींच्या पेपरातली एक शेंग उचलून सोलायला घेतात आणि म्हणतात, "वाचा की तुमची पाळी आली की." तुमच्याकडे वळून मात्र बजावतात: "दोन आठवडे. विरारवाली थांबलीये."

हे थांबणारं माणूस फार महत्त्वाचं. विकत घेतलेल्या कादंबरीला घाई नसते. ती दिवाळीपर्यंत थांबते, मग पुढच्या दिवाळीपर्यंत. जिच्यासाठी कुणी तरी विरारला थांबलंय तिला मात्र तुम्ही पोळ्या लाटून झाल्यावर, मुलं झोपल्यावर, मोरीतला दिवा लावून वाचता. अजून पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, नाशिकहून विनायक रानडे कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने 'ग्रंथ तुमच्या दारी' म्हणून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे धाडू लागतील, आणि त्या पेट्या दुबईपर्यंत जातील. चांगलंच काम. या डब्याला मात्र पेटी लागत नाही, टिफिनच्या पिशवीवर भागतं.

उतरताना टीचर तुम्हाला 'सुवार्ता'चा एक अंकही देतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक, आणि चर्चची पायरी न चढणाऱ्या वसईकरांच्या घरीही तो अंक जातो. वसई रोडला टीचर उतरतात. तुम्ही भाईंदरलाच उठून दाराकडे सरकला असाल, कारण नालासोपाऱ्याला उतरायचं तर तेवढी तयारी लागतेच.

पण उतरू नका. गाडी मागे घेऊ.

साल १९५६, मे महिना. विरारपर्यंत विजेची गाडी येऊन वीस वर्षं झालीत. तुम्ही पंधरा वर्षांचे, अर्ध्या चड्डीतले, गिरगावातल्या एका छापखान्यात उमेदवारी करणारे. बोटांची शाई धुतली तरी जात नाही. घर अर्नाळ्याला, म्हणजे विरारला उतरून पुढे एस.टी., आणि ती चुकली तर पायपीट. जानेवारीतला मुंबईचा गोळीबार अजून ताजा आहे. डब्यात दोघे भेटले की संयुक्त महाराष्ट्रावरून सुरू होतात. तुमचं लक्ष तिकडे नाही. तुमच्या शर्टाच्या आत, बनियनला चिकटून, भाड्याने आणलेली एक रहस्यकथा आहे.

लेखक बाबूराव अर्नाळकर. हे नाव तुम्ही छापखान्यात मिरवता, कारण ते तुमच्या गावाचं आहे. माणसाचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. गाव त्यांनी आडनावात घेतलं आणि मुंबईभर नेलं. हयातीत ते हजारावर रहस्यकथा लिहितील. तो आकडा गाठायला अजून अवकाश आहे, पण झुंजार, काळापहाड, धनंजय, गोलंदाज कोण म्हणून या गाडीत कुणालाही विचारा, तुमच्याकडेच संशयाने बघतील. प्राध्यापकांच्या यादीत ही पुस्तकं नाहीत. अभिजात कशाला म्हणायचं याचा निकाल त्यांनी सावकाश लावावा. इथे दोरा तुटून पानं सुटी होईपर्यंत पुस्तक वाचलं जातं, आणि सुटी झाल्यावर तर जास्तच.

कारण असं: वाचनालयाचं भाडं दिवसाचं आहे. उद्या सकाळी पुस्तक परत गेलं नाही तर दुसऱ्या दिवसाचे पैसे. तुम्ही चौघांनी मिळून वर्गणी काढली आहे आणि रात्र एकच आहे. तेव्हा शिवणीतून निखळलेली पानं अनुक्रमाने हातोहात सरकवायची, हाच मार्ग. खिडकीशी बसलेले परळच्या वर्कशॉपातले काका पहिलं पान वाचतात आणि शेजारच्या कंपोझिटरला देतात. कंपोझिटर ते वाचून पोस्टातल्या भाऊंना देतात. भाऊंकडून ते तुमच्याकडे येतं. एकाच खुनाच्या चार वेगवेगळ्या टप्प्यांवर चार माणसं बसली आहेत. काकांना प्रेत सापडलंय, कंपोझिटर अजून जिन्यात आहे, भाऊ बंगल्याच्या फाटकाशी, आणि तुम्ही समुद्रकिनाऱ्यावरच्या अंधारात.

पायाशी एक पाचवा आहे. वसईचा केळीवाला, दादरला माल देऊन रिकाम्या पाट्यांवर बसून घरी निघालेला. त्याला वाचता येत नाही. त्याने वर्गणीही दिलेली नाही, पण त्याच्या कमरेच्या फडक्यातून दोन राजेळी केळी निघाली आणि त्याचं नाव वाचकांत जमा झालं. तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघत असतो. काका दचकले की विचारतो, "काय झालं? कोण गेलं?" काका म्हणतात, "गप रे. मागचे वाचतायत." केळीवाला गप्प. आपल्यालाही कथा हवी आहे आणि ती आयती, एकदम, वसईच्या आत हवी आहे, एवढंच त्याला कळतं.

पहिल्या पानावर एक वेगळंच प्रकरण आहे. मथळ्याखाली कुणी तरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: खुनी अमका. त्यावर दुसऱ्याने काट मारून दुसरं नाव घातलंय. त्याच्याखाली तिसऱ्या हस्ताक्षरात तिसरं. एक जण तरी खरा बोलतो आहे, पण कोण? काका पान देताना त्या तिन्ही नावांवर अंगठा धरून देतात. कंपोझिटर अंगठा धरूनच पुढे देतो. तुमच्या हातात येतं तेव्हा अंगठ्यांच्या घामाने पेन्सिल पुसट झालेली असते, तरी वाचता येतेच. तिन्ही नावं वाचल्यामुळे तुम्हाला काहीच कळलेलं नाही, आणि मागच्या वाचणाऱ्यांचा हेतूही तोच असावा. पहिल्याने केलेल्या चहाडीवर पुढच्या दोघांनी खोट्याचा उतारा दिला आहे.

भाईंदर जातं. गाडी खाडीच्या पुलावर येते आणि खारा वारा सगळ्या डब्यातून आरपार वाहू लागतो. लोक टोप्या सांभाळतात. काकांनी वाचून पुढे केलेलं आणि कंपोझिटरच्या बोटांत अजून नीट न बसलेलं एक पान उडतं, छताच्या पंख्याला शिवतं, आणि दारातून बाहेर. खाली पाणी, पुढे पाणजू बेटाचा हिरवा काठ. पान थोडा वेळ गाडीबरोबर येतं, मग राहतं.

पान एकसष्ट-बासष्ट. काकांनी वाचलेलं, बाकी कुणीच नाही.

आता काकांवर सगळ्यांची भिस्त. आतापर्यंत तोंडाला कुलूप लावून बसलेल्या माणसाला बोलणं भाग आहे, आणि तेही बेताने, पुढचं न सांडता. केळीवाला पाट्यांवरून उठून उभा राहतो. त्याची वेळ आली आहे. काका घसा साफ करतात. झुंजार खिडकीतून आत येतो, टेबलावर एक चिठ्ठी असते. "मराठीत की इंग्रजीत?" कंपोझिटर विचारतो. काका क्षणभर थांबतात. "मराठीत." "शाई कुठली?" "अरे शाईचं काय घेऊन बसलास!" मग दिवा विझतो, मग मारामारी, आणि मारामारी काका इतकी रंगवतात की भाऊंना शंका येते. बाबूरावांनी दोन पानांत एवढं बसवलं असेल का? काका म्हणतात, बारीक टाइपात होतं. छापखान्यातले तुम्ही दोघे एकमेकांकडे बघता. टाइप सगळीकडे सारखाच आहे.

गाडी स्टेशनात शिरते. पाटीवर 'बेसीन रोड' आहे. वसई रोड व्हायला अजून वेळ आहे. केळीवाला पाट्या डोक्यावर घेऊन उतरतो आणि फलाटावरून ओरडतो, "खुनी कोण ते उद्या सांगा!" उद्या याच गाडीला, याच डब्यात. तो यायचा हे नक्की, त्यामुळे तुम्हालाही यावं लागणार.

रात्री अर्नाळ्यात, घासलेटच्या दिव्याजवळ, तुम्ही शेवटापर्यंत पोचता. बाहेर बोंबील वाळत घातलेत, त्यांचा वास घरभर आहे. सगळी पानं अनुक्रमे लावून तुम्ही दाभणाने भोकं पाडता आणि जाड दोऱ्याने पुस्तक शिवता. एकसष्ट-बासष्टच्या जागी वहीचा एक कागद. त्यावर काकांची हकिगत तुमच्या अक्षरात, चिठ्ठी, दिवा, मारामारी सगळं. उद्यापासून या प्रतीचे वाचक ती झटापट बाबूरावांची म्हणून वाचतील, आणि वाचनालयवाला पानं मोजत नसल्यामुळे कुणाला पत्ता लागणार नाही.

मग पहिलं पान. खुनी कोण ते आता तुम्हाला ठाऊक आहे. तीन नावांपैकी कुठलं खरं तेही. पेन्सिल हातात आहे. अट आठवा. तुम्ही तिन्हींच्या खाली चौथं नाव लिहिता, साफ खोटं, आणि दिवा बारीक करता.

आणखी मागे. इथून पुढे गाडी वाफेची आहे. विरारहून मुंबईला बॅकबेपर्यंत रोजची गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुरू झाली; आता साल १८९२ आहे, श्रावण, आणि तुम्ही नऊ वर्षांचे आहात. डोक्यावर शेंडी, अंगावर बाराबंदी, पावसाला इरलं. डोकं मात्र आजचंच ठेवू या, कारण इथे तुमचं खरं काम डोक्यात आहे.

स्टेशनापासून दीड-दोन कोसांवर आगाशी. भवानीशंकराच्या देवळाचं तळं पावसाने काठोकाठ भरलंय. तुम्ही मास्तरांचे विद्यार्थी, म्हणजे त्यांचे निरोपेही. टपालाने पुण्याहून 'करमणूक'चा अंक आला आहे. हरि नारायण आपटे दोन वर्षांपूर्वीपासून, १८९० पासून, हे साप्ताहिक चालवतात. स्वतः अजून तिशीच्या आतले, आनंदाश्रमाचा कारभार बघतात आणि उरल्या वेळात अंकाचं पोट भरतात. त्यात एक कादंबरी क्रमशः येते आहे. 'पण लक्षात कोण घेतो'. यमू नावाची मुलगी स्वतःची गोष्ट स्वतः सांगते आहे. आगाशीत वर्गणीदार एक, आणि वर्गणी पाच घरांची मिळून.

संध्याकाळी मास्तर वाड्याच्या ओटीवर मोठ्याने वाचतात. पोथीची चाल त्यांच्या गळ्यातून जात नाही, त्यामुळे यमूचं मुंबईचं बिऱ्हाडही अध्यायासारखं निघतं. ओटीवर भटजी आहेत, कुळकर्णी आहेत, स्टेशनावरचा तिकीटबाबू आहे. अर्धे 'केसरी'चे, अर्धे 'सुधारका'चे. गेल्या वर्षीच्या संमतिवयाच्या कायद्याने दोन्ही पक्ष अजून तापलेले आहेत, तेव्हा यमूचं एक वाक्य आणि त्यांची दहा. यमूचा नवरा रघुनाथराव बायकोला लिहायला वाचायला शिकवतो, चारचौघांसारखा तिच्याशी बोलतो, यावर भटजी खाकरतात. तिकीटबाबू म्हणतो, दोन वर्षांपूर्वी मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हाव्यांची सभा भरवली, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं न्हावीच म्हणाले. कुळकर्णी म्हणतात, मुंबईत काय, काहीही होतं.

आत माजघरात बायका बसल्या आहेत. दार अर्धं लोटलेलं. पाऊस कौलांवर बडवतोय आणि ओटीवरचे बापे मधेमधे बोलतात, त्यामुळे आत येतं ते तुकड्यातुकड्यांनी. म्हणून वाचन संपलं की तुम्हाला हाक येते. नऊ वर्षांच्या पोराला ओटीही मोकळी आणि माजघरही; अंक त्याच्या हातूनच आत येऊ शकतो.

"ये रे. बस इथे. आता तू वाच. आणि मास्तरांसारखं गाऊन वाचू नकोस."

तुम्ही वाचता. इथे मधेच कुणी कायदा काढत नाही. यमू हसली की सुना पदराआड हसतात. सासरचं काही आलं की एकमेकींकडे बघतात आणि लगेच भाजीच्या पातेल्याकडे. यमू पुस्तक हातात धरते तिथे धाकटी सून म्हणते, "परत वाच तेवढं." तुम्ही परत वाचता. थोरली म्हणते, "हे पुरुषाने लिहिलंय म्हणतात. हरिभाऊंनीच." धाकटी मान हलवते. "पुरुषाला हे कुठून कळणार? बाईनेच सांगितलं असणार कुणी तरी. बायको, बहीण, कुणी तरी बोललं असेल म्हणून त्याला लिहिता आलं."

भिंतीशी आत्याबाई बसल्या आहेत. लाल आलवण, डोईवरून पदर कपाळापर्यंत ओढलेला. मांडीवर कापूस, बोटांतून वाती निघत आहेत, आणि तुम्ही वाचता तेवढा वेळ त्या एकदाही वर बघत नाहीत. त्या अकराव्या वर्षी या घरी परत आल्या. त्याला पंचवीस-तीस वर्षं होऊन गेली असावीत. न्हावी ठरल्या दिवशी मागच्या दाराने येतो. मघाशी ओटीवर लोखंड्यांच्या सभेचं चाललं होतं तेव्हा त्या एकदाच बोलल्या होत्या, तेही वातींकडे बघून: "हा नाही म्हणाला तर दुसरा येईल. वस्तरा कुणाच्याही हातात बसतो."

यमूचं पुढे काय होतं ते या घरात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. हे सुखाचं बिऱ्हाड मोडणार आहे. रघुनाथराव जाणार आहे, आणि मग शंकरमामंजी तिच्या डोक्यावर जबरदस्तीने वस्तरा फिरवून घेणार आहेत. ते प्रकरण पुण्यात अजून लिहूनही झालेलं नसेल. धाकटी सून पुढच्या अंकात यमूला काय नवं वाचायला मिळतं याची वाट बघते आहे. अंकाची घडी करताना तुमचे हात अवघडतात. 'मृत्युंजय'च्या टीचरांचं ठीक होतं, डब्यात सगळ्यांनाच कर्ण माहीत होता. काकांचं तर त्याहून सोपं, त्यांना एक खुनी लपवायचा होता.

"दे इकडे अंक, मेणकापडात गुंडाळते," म्हणून थोरली आत जाते. धाकटीला सासूची हाक येते. माजघरात तुम्ही आणि आत्याबाई.

"काय रे, पुढे काय होतं तिचं?"

"मला काय ठाऊक, आत्याबाई. अंक यायचाय."

"खोटं बोलतोस. वाचताना तुझा आवाज बसत होता." वात वळून त्या तबकात ठेवतात. "नको सांगूस. मला कळलंय. एवढं सुख कुणी उगीच मांडून ठेवत नाही."

तुम्ही गप्प. अट पाळली आहे, तरी पाळल्यासारखं वाटत नाही.

"मला एवढंच सांग," आत्याबाई पहिल्यांदाच वर बघतात. "ही जी सांगते आहे सगळं, लिहिते आहे, ती हे कधी लिहिते आहे? आधी की नंतर?"

प्रश्न नीट कळायला तुम्हाला थोडा वेळ लागतो. मग कळतो. यमूच्या हातून लेखणी सुटली की राहिली, हे त्या विचारत आहेत.

"नंतर," तुम्ही म्हणता.

आत्याबाई आलवणाचा पदर सारखा करतात, कापसाचा नवा पेळू उचलतात. थोरली मेणकापडात बांधलेला अंक घेऊन बाहेर येते, पुढचं घर भटजींचं, तिथे तो अंधार पडायच्या आत पोचवायला हवा. तुम्ही इरलं डोक्यावर घेता. दारापर्यंत गेलात की मागून आवाज येतो, आता अगदी घरातल्या करड्या सुरात:

"आणि पुढचा अंक आला की आधी इकडे आणायचा. ओटीवर मग. मास्तरांना म्हणावं, आत्याबाईंनी सांगितलंय."